टाकून दिलेली प्रतिमा : मध्ययुगीन साहित्याचा व्यासंग आणि सी. एस. लुईस यांच्या अद्भुतकथा

गुजराती वाङ्मयाच्या इतिहासात बडोदे शहराशी निगडित असे एक प्रकरण आहे. सतराव्या शतकात या शहरात प्रेमानंद भट्ट हे थोर आख्यानकवी होऊन गेले. तांब्याच्या घागरीवर बोटांतील अंगठ्यांनी ताल धरून 'नळाख्यान', 'ओखाहरण', 'सुदामाचरित्र' यांसारखी आख्याने गाणाऱ्या या माणभट्टाने गुजरातच्या घराघरांत स्थान मिळविले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात, जुनी हस्तलिखिते शोधून ती छापण्याचा मोठा उद्योग झाला व 'प्राचीन काव्यमाला' या नावाने अनेक खंड प्रसिद्ध झाले. या उद्योगाच्या ओघात प्रेमानंदांच्या नावावर तीन नाटकेही प्रकाशात आली : 'रोषदर्शिका सत्यभामाख्यान', 'पांचालीप्रसन्नाख्यान' आणि 'तपत्याख्यान'. सतराव्या शतकात गुजरातीत संस्कृत धाटणीची नाटके लिहिली गेली होती, ही कल्पनाच अनेकांना अभिमानास्पद वाटली. परंतु नरसिंहराव दिवेटिया यांच्यासारख्या चिकित्सक अभ्यासकांनी भाषा आणि रचना यांची छाननी करून शंका उपस्थित केल्या, आणि ही नाटके प्रेमानंदांची नसून एकोणिसाव्या शतकातील कोणा जाणत्या लेखणीतून उतरलेली आहेत, हे मत विद्वानांत हळूहळू स्थिर झाले.

या प्रकरणात दोषी कोण, याचा निवाडा करणे हा आमचा हेतू नाही. आम्हांला त्यातून उद्भवणारा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्याने ही नाटके लिहिली त्याचा मध्ययुगीन साहित्याचा व्यासंग निःसंशय दांडगा होता. त्याच्या अंगी कल्पनाशक्तीही होती. तरीही त्याची निर्मिती आज साहित्य म्हणून जगत नाही, वादाचा विषय म्हणून तेवढी उरली आहे. व्यासंग आणि कल्पना एकत्र येऊनही असे का व्हावे? आणि याच दोन गोष्टी दुसऱ्या एखाद्या लेखकापाशी एकत्र येतात तेव्हा तिथून जिवंत, लोकप्रिय आणि श्रद्धेला पोषक असे वाङ्मय कसे जन्मास येते? वाघोडिया-बडोद्याच्या परिसरातील मराठी भाषिकांना हे उदाहरण जवळचे आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र आम्ही वाचकांना काही काळ इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे नेणार आहोत. तेथून पुन्हा आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे येता येईल.

एक अध्यापक आणि त्याचे नकाशे

क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांचा जन्म १८९८ साली बेलफास्ट येथे झाला. १९२५ पासून १९५४ पर्यंत ते ऑक्सफर्डच्या मॉड्लिन महाविद्यालयात इंग्रजी साहित्याचे अध्यापक होते. त्यानंतर केंब्रिज विद्यापीठाने मध्ययुगीन व प्रबोधनकालीन इंग्रजी साहित्यासाठी नवे प्राध्यापकपद निर्माण केले व त्यावर त्यांची नियुक्ती केली. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती जगताला ते परिचित आहेत ते श्रद्धेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथांमुळे, आणि १९५० ते १९५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'नार्निया'च्या सात बालकथांमुळे. परंतु त्यांचा पोटापाण्याचा आणि जिवाभावाचा उद्योग होता तो जुन्या ग्रंथांचे वाचन. या बाजूकडे धर्मशिक्षणाच्या क्षेत्रात फारसे लक्ष दिले जात नाही. आमच्या मते लुईस यांच्या कल्पनासृष्टीची किल्ली तेथेच आहे.

या व्यासंगाचे दोन ग्रंथ विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला 'द ॲलेगरी ऑफ लव्ह' हा १९३६ साली प्रसिद्ध झाला. मध्ययुगातील रूपककथेचा इतिहास त्यात आहे. दुसरा 'द डिस्कार्डेड इमेज', म्हणजे 'टाकून दिलेली प्रतिमा', हा त्यांच्या मृत्यूनंतर १९६४ साली निघाला. परंतु त्यातील विवेचन ते अनेक वर्षे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यानांतून मांडीत आले होते. मध्ययुगीन मनुष्याच्या डोक्यात विश्वाचे जे चित्र होते, ते समजल्याशिवाय त्या काळातील काव्य समजत नाही, असे त्या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

ते चित्र थोडक्यात असे. पृथ्वी मध्यभागी आहे. तिच्याभोवती एकात एक बसविलेल्या पारदर्शक गोलांतून चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू आणि शनी फिरतात. त्यांच्या पलीकडे स्थिर ताऱ्यांचा गोल, त्याच्या पलीकडे सर्वांना गती देणारा आदिगोल, आणि त्याही पलीकडे परमेश्वराचे निजधाम. चंद्राच्या खाली सारे बदलणारे, नाशिवंत; चंद्राच्या वर सारे अविकारी. आदिगोल फिरतो तो ईश्वरावरील प्रेमामुळे. आज आपण आकाशाकडे पाहतो तेव्हा बाहेरच्या काळोख्या पोकळीत डोकावल्यासारखे वाटते. मध्ययुगीन मनुष्य वर पाहू लागला की प्रकाशाने आणि संगीताने भरलेल्या राजवाड्यात बाहेरून आत पाहत आहोत, अशी त्याची भावना होई. त्या काळचे लोक पृथ्वीला सपाट मानीत, हा समज लुईस खोडून काढतात. पृथ्वी गोल आहे आणि ताऱ्यांच्या अंतराच्या मानाने ती बिंदूमात्र आहे, हे त्या काळच्या सुशिक्षितांस टॉलेमीच्या परंपरेमुळे ठाऊक होते.

मराठी वाचकाला हे चित्र सर्वस्वी परके वाटणार नाही. आपल्या वारांची नावे याच सात ग्रहांवरून पडली आहेत. गुरू शुभ आणि शनी पीडादायक ही समजूतही दोन्हीकडे सारखीच. साडेसातीचे भय आजही आपल्या समाजात आहे. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने या बाबतीत एक सूक्ष्म भेद केला होता. ग्रहांचा शरीरावर काही परिणाम होत असेल हे धर्मपंडित नाकारीत नसत. परंतु मनुष्याची इच्छा ग्रहांच्या अधीन आहे हे मत, ग्रहांची पूजा, आणि भविष्यकथनाचा धंदा या तिन्ही गोष्टींना त्यांचा विरोध होता. हा भेद लक्षात ठेवावा, कारण लुईस यांच्या कथांचा पाया त्यावर उभा आहे.

व्यासंगातून कथा

१९३८ साली लुईस यांनी 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' ही मंगळावरील प्रवासाची कादंबरी लिहिली. तिचा नायक रॅन्सम हा भाषाशास्त्रज्ञ आहे, ही गोष्ट सहेतुक आहे. यानातून जाताना त्याला उमगते की, ज्याला आपण निर्जीव 'अवकाश' म्हणत आलो ते प्रकाशाने ओसंडणारे 'स्वर्गलोक' आहेत. मध्ययुगीन विश्वचित्रच येथे अनुभवाच्या रूपाने परत आले आहे. प्रत्येक ग्रहाचा एक अधिपती आहे आणि त्यास 'ओयार्सा' म्हटले आहे. हा शब्द लुईस यांनी शून्यातून घडविलेला नाही. बाराव्या शतकातील बर्नार्डस सिल्व्हेस्ट्रिस या लॅटिन ग्रंथकाराने 'ओयार्सेस' असा एक चमत्कारिक शब्द वापरला होता. तो मूळ ग्रीक शब्दाचा अपभ्रंश असावा, हे ऑक्सफर्डमधील विद्वान सी. सी. जे. वेब यांनी लुईस यांना दाखवून दिले. हस्तलिखितातील एका अडलेल्या शब्दातून संपूर्ण देवदूतशास्त्राचा कथारूप डोलारा उभा राहिला. आणि पृथ्वी 'मौन ग्रह' का? तिचा अधिपती बंड करून पतित झाला, म्हणून तिचा इतरांशी संवाद तुटला. चंद्राखालील जग विकारी आहे, या जुन्या कल्पनेला येथे आदिपतनाच्या शिकवणुकीशी जोडले आहे.

असाच प्रकार लुईस यांचे स्नेही जे. आर. आर. टॉल्किन यांच्याबाबत घडला. टॉल्किन हे कॅथॉलिक श्रद्धेचे, प्राचीन इंग्रजीचे अध्यापक. 'क्राइस्ट' या अँग्लो-सॅक्सन काव्यात, आगमनकाळातील एका पूर्वस्तोत्रावर आधारलेल्या भागात, 'एआरेंडेल' हा शब्द येतो. उगवत्या प्रकाशाला उद्देशून आलेला हा शब्द टॉल्किन यांच्या मनात रुतून बसला आणि १९१४ साली त्यांनी त्या नावाच्या नाविकावर एक कविता रचली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामागील दंतकथासृष्टीचे बीज त्या शब्दात आहे. १९३१ च्या सप्टेंबरात टॉल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या संभाषणाने लुईस यांना ख्रिस्ती श्रद्धेच्या उंबरठ्याशी आणले. त्या संभाषणाचा विषयही दंतकथा हाच होता : इतर दंतकथांतून सत्याची छाया दिसते, परंतु ख्रिस्ताच्या ठायी दंतकथा इतिहासात प्रत्यक्ष घडली.

'नार्निया'च्या कथांत तर मध्ययुग पानोपानी आढळते. लुईस यांनीच सांगितले आहे की, पहिल्या कथेचा आरंभ एका चित्राने झाला : बर्फाच्या रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला एक फॉन, म्हणजे कमरेखाली बोकडाचे अंग असलेला वनवासी प्राणी. हे चित्र त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून होते. चित्र कोठूनही येवो, अशा प्राण्यांना मध्ययुगीन मनाने काय स्थान दिले होते, याचा त्यांनी पुढे 'द डिस्कार्डेड इमेज'मध्ये एक पूर्ण प्रकरण देऊन विचार केला. देवदूत नव्हेत, भुते नव्हेत, माणसेही नव्हेत, अशा या दीर्घायुषी जीवांची कोटी कोणती हे मध्ययुगाला कधीच निश्चित करता आले नाही, आणि या अनिश्चिततेमुळेच त्यांचे सौंदर्य टिकले, असे ते दाखवितात. 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर' या कथेत बेटामागून बेट घेत पूर्वेकडे जाणारे जहाज आहे. आयर्लंडमधील संत ब्रेंडन यांच्या समुद्रयात्रेची जुनी परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रचनेची ओळख पटेल. त्याच कथेतील एकपायी बुटके हे मध्ययुगीन प्रवासग्रंथांतून आलेले आहेत. तेथेच एक वृद्ध तारा मनुष्यरूपाने भेटतो, आणि आधुनिक शाळेत शिकलेल्या मुलाला सुचविले जाते की, तारा कशाचा बनला आहे आणि तारा काय आहे, हे दोन भिन्न प्रश्न आहेत.

२००८ साली मायकेल वॉर्ड या अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, नार्नियाच्या सात कथा म्हणजे मध्ययुगीन सात ग्रहांच्या सात वातावरणांत रचलेल्या कथा होत. पहिल्या कथेवर गुरूचा, म्हणजे उदार राजाचा, प्रभाव आहे. म्हणून तेथे हिवाळा सरतो आणि अपराधाची क्षमा होते. लुईस यांनी १९३५ साली ग्रहांवर लिहिलेल्या कवितेत गुरूशी हेच भाव जोडलेले आहेत, ही गोष्ट या मताला पुष्टी देते. सर्व अभ्यासक हे मत मान्य करीत नाहीत, आणि सातही कथांना ते सारखेच लागू पडते असे आम्हांसही वाटत नाही. तथापि कथांचा वास कोणत्या मातीचा आहे, हे त्यावरून कळते.

मुक्तीची कथा

ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सर्वांत अधिक उपयोगी असा धागा पहिल्याच कथेत आहे. एडमंड हा मुलगा आपल्या भावंडांशी द्रोह करतो. हिमराणी येऊन त्याच्या रक्तावर हक्क सांगते. सृष्टीच्या आरंभी लिहिलेल्या नियमाप्रमाणे प्रत्येक द्रोही तिचा आहे. सिंहरूप अस्लान त्याच्या जागी स्वतःला देतो आणि मारला जातो. परंतु निरपराध असूनही स्वेच्छेने दुसऱ्यासाठी मरणाऱ्याबाबत त्याहून प्राचीन असा एक नियम आहे, तो राणीला ठाऊक नसतो. मृत्यूच उलटतो.

हे प्रायश्चित्ताचे कोणते शास्त्र? आमच्या विद्यार्थ्यांना सामान्यतः संत अन्सेल्म यांच्या १०९८ साली पूर्ण झालेल्या 'कुर देउस होमो' या ग्रंथातील विवेचन शिकविले जाते. पाप्यावर सैतानाचा काही न्याय्य हक्क आहे ही कल्पना अन्सेल्म यांनी नाकारली. लुईस यांची कथा त्याहून जुन्या प्रतिमेकडे जाते. चौथ्या शतकातील निस्साचे संत ग्रेगरी यांनी ख्रिस्ताच्या देहाआड दडलेल्या देवत्वाला आमिषाआडच्या गळाची उपमा दिली होती. सैतानाने आमिष गिळले आणि तोच अडकला. पुढे अस्लान राणीच्या वाड्यात जाऊन दगड झालेल्या जीवांवर श्वास फुंकतो व ते जिवंत होतात. हे दृश्य म्हणजे ख्रिस्ताचे अधोलोकात अवतरण होय. श्रद्धासूत्रात आपण ते एका छोट्या वाक्यात म्हणून जातो. मध्ययुगात मात्र निकोदेमाच्या नावावरील अप्रमाण शुभवर्तमानामुळे, यॉर्क व चेस्टर येथील नाट्यचक्रांमुळे आणि 'पिअर्स प्लाउमन' या चौदाव्या शतकातील काव्यामुळे हा प्रसंग भाविकांच्या डोळ्यांपुढे उभा राहत असे. लुईस यांनी तो मुलांच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभा केला.

मग लुईस यांचे प्रायश्चित्तशास्त्र जुने, अन्सेल्मपूर्व होते असे म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. १९५२ च्या 'मिअर ख्रिश्चॅनिटी' या ग्रंथात ते स्पष्ट करतात की, ख्रिस्ताच्या मरणाने आपला देवाशी समेट झाला ही श्रद्धेची वस्तू आहे. तो कसा झाला याची स्पष्टीकरणे उपयुक्त असली तरी ती त्या वस्तूची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून कथेत त्यांनी जी प्रतिमा वापरली ती प्रतिमा आहे, हे जाणून वापरली.

आमच्या मते लुईस यांच्या व्यासंगाचे खरे फळ हेच. 'द ॲलेगरी ऑफ लव्ह'मध्ये त्यांनी रूपक आणि प्रतीक यांतील भेद मांडला होता. रूपककार मनातील विकारांपासून निघतो आणि त्यांना दृश्य देह देतो. प्रतीक मानणारा दृश्य जगालाच अदृश्य वास्तवाची छाया समजतो. पुढे नार्नियाविषयी विचारणा झाली तेव्हा त्यांनी त्या कथा रूपके नव्हेत, असे पत्रांतून सांगितले. त्यांचा मार्ग 'समजा' या शब्दाचा होता : समजा, नार्नियासारखे एक जग असते आणि त्याला तारणाची गरज असती, तर देवपुत्र तेथे कोणत्या रूपाने आला असता? अभ्यासकाच्या टिपणवहीतील भेद कथाकाराच्या हाती साधन झाला. आणि 'द डिस्कार्डेड इमेज'च्या शेवटी ते असे मान्य करतात की, जुने विश्वचित्र सुंदर होते, परंतु सत्य नव्हते. त्याचबरोबर आपल्या आजच्या चित्रालाही अंतिम समजू नये, कारण प्रत्येक युग निसर्गाला आपले प्रश्न विचारते आणि उत्तरे त्या प्रश्नांच्या साच्यात येतात.

जो हे जाणतो त्याला टाकून दिलेली प्रतिमा उचलता येते. ती खरी आहे असे त्याला भासवावे लागत नाही, आणि खोटी म्हणून तिचा उपहासही करावा लागत नाही. बडोद्याच्या त्या तीन नाटकांचे रहस्य येथे उलगडते. त्यांच्या कर्त्याकडे ज्ञान होते. परंतु त्याने ते आपली कल्पना आणि प्रेमानंदांचे साहित्य यांमधील रेषा पुसण्यासाठी वापरले. लुईस यांनी तेच ज्ञान ती रेषा स्पष्ट ठेवण्यासाठी वापरले. एकाने कल्पनेचे नाव लपविले, दुसऱ्याने ते मुखपृष्ठावर छापले.

ख्रिस्ती लोकांनी या प्रकरणाकडे पाहून स्वतःला निर्दोष समजू नये. अठराव्या शतकात 'एझूरवेदम' नावाचा ग्रंथ फ्रान्सला पोहोचला. व्हॉल्टेर यांनी तो प्राचीन भारतीय ज्ञान म्हणून गौरविला, आणि १७७८ साली तो छापलाही गेला. १७८२ मध्ये सोनेरा या प्रवाशाने तो मिशनऱ्याच्या हातचा असल्याचे सांगितले, व पुढे त्याची हस्तलिखिते पाँडिचेरीच्या येशूसंघीय संग्रहात सापडली. मूळ लेखकाचा हेतू फसवणुकीचा होता की धर्मशिक्षणाचा, याविषयी मतभेद आहेत. परंतु नाव न सांगता फिरणारी कल्पना शेवटी कोणाच्या तरी विश्वासाला तडा देते, हा धडा त्यातून मिळतो.

आपल्या मराठीत

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात लुईस यांच्यासारखा अद्भुतकथाकार झाला नाही. परंतु मध्ययुगीन साहित्याच्या व्यासंगातून नवी ख्रिस्ती रचना घडण्याचा मार्ग मात्र आपल्याकडे त्यांच्या आधी सव्वातीनशे वर्षे खुला झाला होता.

फादर थॉमस स्टीफन्स १५४९ साली इंग्लंडात जन्मले व १५७९ मध्ये गोव्यास आले. लुईस यांना जे विश्वचित्र ग्रंथांतून खणून काढावे लागले, त्यातच स्टीफन्स यांचा जन्म झाला होता. त्यांना व्यासंग करावा लागला तो मराठीचा. येशूसंघीयांच्या हाती सोळाव्या शतकाच्या मध्यात मराठी पोथ्या आल्या होत्या, आणि त्यांतील काही हिंदूंच्या घरांतून बळाने आणलेल्या होत्या, ही गोष्ट लपवू नये. आरंभी त्या पोथ्यांचा उपयोग खंडनासाठी झाला. स्टीफन्स यांनी वेगळी वाट धरली. १६१६ साली राचोल येथे छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवी हे छंदाचे वाहन आहे, आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही निःशंकपणे आला आहे. ग्रंथाच्या आरंभीच साष्टीतील एक नवख्रिस्ती पाद्रीला विनवतो की, आमची पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही द्यावे. ज्याचे पुराण हिरावले गेले त्याची ही हाक आहे. स्टीफन्स यांनी ती ऐकली आणि ग्रंथ लिहिला. पुराणाचा साचा घेतला आणि त्यातील वस्तू पवित्र शास्त्रातील आहे हे ग्रंथभर उघड सांगितले.

पुढे काय झाले ते दुःखद आहे. १६४९ आणि १६५४ साली 'ख्रिस्तपुराण' पुन्हा छापले गेले. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, आणि ग्रंथ हस्तलिखितांतून कसाबसा जगला. १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून तो रोमन लिपीत पुन्हा काढला. १९२३ साली जस्टिन ॲबट यांनी लंडन येथील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली. म्हणजे छापलेल्या देवनागरीत हे पुराण मराठी वाचकाच्या हाती येण्यास तीनशे चाळीस वर्षे लागली!

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' आरंभिले तेव्हा तेही याच वाटेने निघाले होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणांपाशी आलो, या अर्थाची कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली आहे. संतवाङ्मयाचे ऋण त्यांनी लपविले नाही, आणि आपली रचना संतांच्या नावावरही खपविली नाही. १९१९ साली ते निवर्तले. अपुरे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली ते प्रसिद्ध झाले.

आपणांपुढील प्रश्न

येथे ज्याला केवळ वाङ्मयाचा प्रश्न दिसेल त्याने नाताळातील गव्हाणीकडे पाहावे. तेथे बैल आणि गाढव असतात; लूकच्या शुभवर्तमानात ते नाहीत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील वचनाच्या आधाराने आणि मत्तयाच्या नावावरील एका अप्रमाण ग्रंथातून ते आले. तीन राजांची संख्या आणि नावे यांचीही तीच गोष्ट. यामुळे कोणी बैल-गाढव काढून टाका म्हणेल, तर तो गव्हाण उजाड करील. आणि कोणी ते शुभवर्तमानातच आहेत असे शिकवील, तर ज्या दिवशी मूल स्वतः शुभवर्तमान वाचील त्या दिवशी त्याच्या मनात शिक्षकाविषयी आणि कदाचित शास्त्राविषयीही शंका उभी राहील. या दोन्ही चुका अज्ञानातून होतात. ज्याने त्या प्रतिमेचा इतिहास अभ्यासला आहे तोच मुलांना म्हणू शकतो : हे भाविकांनी रंगविलेले चित्र आहे, ते का रंगविले ते ऐका. असे सांगितल्याने चित्राचे तेज कमी होत नाही.

आमच्या सेमिनरींतून जुन्या साहित्याचा अभ्यास आणि प्रवचनाचा अभ्यास यांची दालने वेगळी पडली आहेत. ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र, एकनाथी भागवत हे भाषेच्या विषयात. शुभवर्तमानाची घोषणा दुसऱ्या विषयात. आणि 'ख्रिस्तपुराण' हे बहुधा इतिहासाच्या एका परिच्छेदात. पहिल्या दालनात प्रतिमांचा अर्थ शिकविला जातो, परंतु त्यांचा उपयोग नाही. दुसऱ्यात उपयोग होतो, परंतु अर्थ ठाऊक नसतो. लुईस यांच्यापाशी हे दालनभेद नव्हते. सकाळी ज्या ग्रंथावर त्यांनी विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान दिले, त्याच ग्रंथातील शब्द रात्री त्यांच्या कथेत देवदूत होऊन उतरला.

'वैकुंठ' हा शब्द प्रवचनात वापरावा की नाही, शनीच्या भयाने ग्रासलेल्या भाविकाशी कसे बोलावे, मुलांना अधोलोकातील अवतरण कसे समजावे, हे प्रश्न दर आठवड्याला पुरोहितापुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे केवळ उत्साहाने देता येत नाहीत. शब्द कोठून आला, त्याने कोणाच्या मनात काय जागविले, आपण त्यातील काय घेतो आणि काय सोडतो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती निर्भयपणे देता येतील. मराठीत उद्या कोणी ख्रिस्ती अद्भुतकथा लिहिणार असेल, तर त्याची तयारी आज आमच्या ग्रंथालयांत, धूळ खात पडलेल्या ओव्यांच्या वाचनाने, सुरू व्हायला हवी. साष्टीतील त्या नवख्रिस्त्याने मागितलेले पुराण स्टीफन्स यांनी एकदा दिले. तेच मागणे आपल्या मुलांच्या तोंडी आजही आहे. त्यांना काय द्यावयाचे, हे ठरविण्याइतके वाचन आपण केले पाहिजे.